कैरोचा बलदी नाच आणि आमचा काचीगुड्याचा वर्ग

‘बेली डान्स’ हे नाव कानांवर पडले की आमच्या समाजातल्या भल्या भल्या मंडळींचे चेहरे पाहण्यासारखे होतात. पुरुष असले तर किंचित हसतात आणि विषय बदलतात. बायका विषय बदलत नाहीत, आवाज तेवढा खाली आणतात. गेली बावीस वर्षे मी काचीगुड्यात हा नाच शिकवीत आहे, त्यामुळे दोन्ही तऱ्हा माझ्या अंगवळणी पडल्या आहेत. तेव्हा आरंभी नावाचाच निकाल लावलेला बरा.

हे नाव त्या नाचाच्या माहेरचे नव्हे. फ्रेंचांनी त्याला ‘पोटाचा नाच’ म्हटले आणि १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनानंतर तेच नाव इंग्रजीत रूढ झाले. त्या प्रदर्शनात ‘कैरोची गल्ली’ म्हणून एक देखावा उभारला होता व तिथे तिकीट काढून लोक हा नाच पाहत. त्याच वर्षी, त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद बोलले. एकाच शहराने पूर्वेकडून आलेल्या दोन गोष्टी पाहिल्या, एकीला अध्यात्म म्हटले आणि दुसरीला चावटपणा. या वाटणीत पाहणाऱ्यांचा हात किती होता, हा विचार माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

इजिप्तमध्ये रंगमंचावरच्या नाचाला ‘रक्स शर्की’ म्हणतात, म्हणजे पूर्वेकडचा नाच. घरात, गच्चीवर, लग्नाच्या मांडवात जो नाचतात तो ‘रक्स बलदी’. बलद म्हणजे गाव, मुलूख. निजामी अमदानीत या शहराच्या नगरपालिकेला ‘बलदिया’ म्हणत. ज्यांच्या आजोबांनी त्या कचेरीत हेलपाटे घातले त्यांना ‘बलदी’चा अर्थ वेगळा सांगायला नको. आपल्या गावचा, घरचा, देशी. शब्दांची ही सोयरीक इथेच संपत नाही. तिकडच्या एकतोंडी, पेल्याच्या आकाराच्या तालवाद्याला कैरोत ‘तबला’च म्हणतात. एकच वादक ताल बाजूला ठेवून स्वर आळवू लागला की ती ‘तक्सीम’. आमच्या वतनी कागदांतली ‘तक्षीम’ ती हीच, म्हणजे वाटणी. ज्या शब्दावरून इकडे भाऊबंदांचे तीन-तीन पिढ्या कज्जे चालले, त्याच शब्दावर तिकडे बाई डोळे मिटून डोलते.

आता प्रत्यक्ष नाचाविषयी. त्यात पोटाचे काम आहे, पण मुख्य काम कंबरेचे आणि त्याहून अधिक गुडघ्यांचे. पाठ सरळ, खांदे शांत, गुडघे सैल. शरीराचा भार एका पायावर घ्यायचा, मोकळ्या बाजूची कंबर हलकेच उचलायची आणि ‘दुम्’ या बोलावर सोडून द्यायची. ‘दुम्-तक्, तक्-दुम्-तक्’ हा त्यांचा नेहमीचा ‘मकसूम’ ठेका. कंबरेने आठाचा आकडा काढायचा असतो, अर्थात इंग्रजी आठ. मराठी आठ काढू गेले तर नाच अर्ध्यावरच संपेल! आमच्या भरतनाट्यात किंवा कथकात पाऊल जमिनीला बजावून सांगते की मी आले. इथे पाऊल जवळजवळ मुके. शरीर वाद्याशी बोलत नाही, वाद्य ऐकते, आणि ऐकलेले कंबरेत, खांद्यांत, बोटांतल्या ‘सागात’ नावाच्या चिमुकल्या झांजांत उमटते. कथक शिकून आलेल्या मुलींना सर्वांत कठीण काय जाते, तर काही न करता उभे राहणे.

हा नाच प्राचीन देवीच्या मंदिरांतून आला, बाळंतपण सुकर व्हावे म्हणून स्त्रियांनी तो निर्माण केला, असे पाश्चात्त्य शिक्षिका मोठ्या उत्साहाने सांगतात. ऐकायला गोड आहे. पण त्याला भक्कम पुरावा नाही, म्हणून मी वर्गात ते सांगत नाही. आपल्याला आवडलेल्या गोष्टीला देवळाचा दाखला जोडल्याशिवाय ती शुद्ध होत नाही, ही खोड आमच्याकडेही आहे. जुन्या सदिर नाचाचे भरतनाट्यम् झाले, १९३६ मध्ये मद्रासेस कलाक्षेत्र उभे राहिले, त्या काळात नटराजाची मूर्ती रंगमंचावर आली. पण ज्या बायकांनी तो नाच शतकानुशतके जपला त्यांना पुढे तिथे किती जागा उरली, हे जाणत्यांना ठाऊक आहे.

इजिप्तची कथा फार वेगळी नाही. तिथे दोन तऱ्हेच्या कलावंतिणी असत. ‘अवालिम’ म्हणजे जाणत्या, विदुषी. ‘इल्म’ आणि ‘आलिम’ त्याच धातूतले. त्या मोठ्या घरांत, बायकांच्या दालनात, जाळीच्या पडद्याआड गात. दुसऱ्या ‘गवाझी’; त्या रस्त्यावर, जत्रेत, चारचौघांत नाचत. १८३४ मध्ये महंमद अली पाशाने नाचणाऱ्यांना कैरोतून हद्दपार करून दक्षिणेकडे एस्ना, केना, आस्वान या गावांकडे लावून दिले. पुढे कैरोत ज्या रस्त्यावर कलावंतिणींची व वादकांची वस्ती झाली, त्या रस्त्याला त्याच पाशाचे नाव आहे, ‘शारा महंमद अली’. इतिहासालाही विनोद कळतो म्हणायचा.

१९२६ मध्ये बदिया मसाब्नी या बाईने कैरोत आपले नाट्यगृह काढले आणि या नाचाला रंगमंच दिला. एका जागी उभ्याने होणारा नाच मंचभर फिरू लागला, हात उंच गेले, वाद्यवृंद मोठा झाला, चमचमता दोन तुकड्यांचा पोशाख आला. तिच्याच मंडळीतून तहिया कारिओका आणि सामिया गमाल या दोन थोर नर्तकी पुढे आल्या. सामिया वाऱ्यासारखी; तहिया मात्र चार हात जागेत सारे सांगून मोकळी होई. माझा कल तहियाकडे. राजकारणापायी १९५३ मध्ये ती तुरुंगातही जाऊन आली, आणि उतारवयात काळा झगा व डोईवरून वस्त्र घेऊन श्रद्धाळू मुसलमान बाईसारखी राहू लागली. १९९९ च्या सप्टेंबरात ती वारली तेव्हा आम्ही कैरोतच होतो. यजमानांच्या नोकरीमुळे तिथे आमचे चार वर्षे वास्तव्य झाले, आणि मी नाच शिकले तो तिथेच.

माझ्या गुरू महंमद अली रस्त्यावरच्या जुन्या घराण्यातल्या. ताफ्याच्या नायिकेला तिकडे ‘उस्ता’ म्हणतात, मीही त्यांना तेच म्हणे. साठी उलटलेल्या, अंगाने भरदार, पायांत चपला तशाच ठेवून शिकवीत. दुपारच्या शिकवणीत मध्येच अस्रची बांग होई. उस्ता कंबरेचा रुमाल सोडीत, नीट घडी घालून खुर्चीवर ठेवीत, हातपाय धुऊन दुसरे वस्त्र पांघरीत आणि आतल्या खोलीत नमाज पढत. परत आल्या की तोच रुमाल, तीच गाठ. पहिल्या दिवशी मी गोंधळले. मला वाटले, या बाई दोनांपैकी एका ठिकाणी खोटे वागत असल्या पाहिजेत. काही महिन्यांनी धीर करून विचारले. त्या म्हणाल्या, “मी चार मुले या रुमालावर वाढवली. देवाला काय ते माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.” एवढेच. नाचून मिळवलेला पैसा हराम मानणारे त्यांच्या नात्यातही होते, आणि अडचणीच्या वेळी तोच पैसा उसना नेणारेही तेच होते. रमझानात हॉटेलांतले नाच बंद असत. तेव्हा उस्ता महिनाभर मला फक्त ठेका मोजायला लावीत.

हैदराबादेत परतल्यावर आमच्या पुढच्या खोलीत वर्ग सुरू केला तो फक्त बायकांसाठी. दार बंद, खिडक्यांना पडदे. सासूबाई तेव्हा अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या, आता ऐंशीच्या आहेत. त्या कोपऱ्यात बसून फुलवाती करतात आणि कोणाचा ‘दुम्’ चुकला हे न पाहता ओळखतात. पहिल्याच आठवड्यात त्या म्हणाल्या, “हे तर आमच्या मंगळागौरीतलंच आहे गं, फक्त जरा सावकाश.” त्यांचे म्हणणे अगदी खोटे नाही. पिंगा घालताना कंबर लचकते तिला कोणी नाव ठेवीत नाही, कारण समोर गौर बसलेली असते आणि पुरुष बाहेर. माझ्या आजोळी, पुण्याला, नवरात्राच्या अष्टमीला बायका महालक्ष्मीपुढे घागरी फुंकीत. एरवी तोंडातून शब्द न काढणारी मामी त्या रात्री केस मोकळे सोडून घुमायची, आणि घरातले कर्ते पुरुष तिला हात जोडून प्रश्न विचारायचे. इजिप्तमध्ये ‘झार’ नावाचा असाच प्रकार आहे. बायका जमतात, डफ वाजतात, ज्याच्या त्याच्या वाऱ्याचा ठेका ठरलेला, आणि तो लागला की बाई घुमू लागते. तिथले मौलवी त्याला नाके मुरडतात, इथले सुधारक घागरीला मुरडत. बायका दोन्हीकडे जातच राहिल्या.

आणि हैदराबादकरांनी तरी या बाबतीत दुसऱ्याच्या घरात का डोकवावे? मौला अलीच्या डोंगराच्या पायथ्याशी माहलका बाई चंदाची कबर आहे. १७६८ ते १८२४ हा तिचा काळ. निजाम अली खानाच्या दरबारातली ही नर्तकी, गायिका. उर्दूत तिचा दिवाण आहे, आणि तिच्या गझला हजरत अलींच्या स्मरणाशी येऊन थांबतात. १७९९ मध्ये तिने आपल्या दिवाणाची एक प्रत जॉन माल्कमला नजर केली. महाबळेश्वरची माल्कमपेठ ज्याच्या नावाची, तोच हा. आईसाठी बांधवलेल्या त्या आवारातच ती स्वतःही विसावली आहे. दरवर्षी नव्या मुलींना मी एकदा तिथे घेऊन जाते. काही सांगत नाही. भिंतीवरची नक्षी पाहून त्या परत येतात.

वर्गात दोन वर्षांपूर्वी याकूतपुऱ्याची एक मुलगी येऊ लागली. दारात बुरखा काढून खुंटीला लावायची, जाताना घालायची. शिवणकामात तरबेज. एके दिवशी सगळ्या गेल्यावर तिने विचारले, “आपा, ये गुनाह हुआ तो?” मी मुफ्ती नव्हे, आणि दुसऱ्याच्या धर्मात निवाडा देण्याचा मला अधिकार नाही. मी तिला उस्तांच्या रुमालाची हकीकत सांगितली आणि म्हटले, घरात वडीलधारी कोण आहे तिला विचार. पुढच्या खेपेला ती हसतच आली. तिची नानी म्हणाली होती, “औरतां में औरतां नाचे तो क्या बिगड़ा? मांझे की रात ढोलक पे हम नहीं नाचे क्या?” वडिलांना मात्र अजून कोणी काही सांगितलेले नाही. ते कळेल त्या दिवशी काय होईल, याची धास्ती तिच्याइतकीच मला आहे.

दुसरी एक मुलगी आमच्यातलीच, बडी चावडीची. वय सव्वीस, हायटेक सिटीत नोकरी. सात वर्षे माझ्याकडे आहे आणि माझ्यापेक्षा चांगली नाचते, हे मी लपवीत नाही. तिला रंगमंचावर नाचायचे आहे, स्त्री-पुरुष सर्वांसमोर, तिकीट लावून. सोयरीक ठरत आली आहे. मुलाची हरकत नाही, त्याच्या आईची आहे. मी म्हटले, आपला वर्ग बंद दाराआडचा, तीच त्याची प्रतिष्ठा. अवालिमसुद्धा जाळीआड गात. ती शांतपणे म्हणाली, “ताई, पण तुमच्या उस्ता कुठे जाळीआड नाचत होत्या? दार लावून घ्यायचं म्हणजे तुम्हालाही ही लाजेचीच गोष्ट वाटते.”

या प्रश्नाने मला बरेच दिवस झोप लागू दिली नाही. दार मी लाजेने लावीत नाही, हे मला पक्के ठाऊक आहे. ज्या खोलीत कोणी तोलून पाहत नाही तिथे पन्नाशीतली, तीन बाळंतपणे झालेली, कधीच आरशासमोर उभी न राहिलेली बाई आपली कंबर प्रथमच स्वतःची म्हणून हलवते, ते दाराच्या आतच घडते. ते मी सोडणार नाही. पण त्या मुलीचेही खरे आहे. बंद दार परवडते ते ज्यांचा किराणा नवऱ्याच्या पगारातून येतो त्यांना. नाच जिवंत ठेवला तो चारचौघांत नाचणाऱ्यांनी, शिव्या खाणाऱ्यांनी, हद्दपार झालेल्यांनी. त्यांच्याकडून कला घ्यायची आणि त्यांच्या धंद्याला नाक मुरडायचे, हे तर कलाक्षेत्राच्या काळापासून आपण करीतच आलो. इजिप्तमध्ये रेदा मंडळीने १९५९ मध्ये लोकनृत्ये सभ्य रूपात मंचावर आणली, तीही रक्स शर्कीच्या नावाला वळसा घालूनच.

तेव्हा मी तिला हो म्हटले आहे. कार्यक्रम पुढच्या महिन्यात सिकंदराबादेत आहे. चमचमता पोशाख नको, बलदी गलाबिया घालीन आणि कंबरेला रुमाल बांधीन, हे तिचे तिनेच ठरवले. सासरच्यांना भिऊन नव्हे, तहियासारखे उभे राहायचे आहे म्हणून. तिची होणारी सासू येणार की नाही हे अजून कळलेले नाही. माझ्या सासूबाईंनी पहिल्या रांगेत जागा सांगून ठेवली आहे, आणि चालवत नसल्याने रिक्षा थेट दारापर्यंत गेली पाहिजे असेही बजावले आहे.

गलाबिया याकूतपुऱ्याच्या मुलीने शिवला आहे, मोरपिशी रंगाचा. बाह्या दोन बोटे आखूड झाल्या आहेत. आत कापड आहे, शनिवारी वर्गानंतर त्या उसवून सोडायच्या आहेत.