हलगीचा ठेका किती वाढवायचा?

२६ जानेवारीच्या लेझीमचा सराव तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी केला असेल. हलगी सावकाश वाजते तोवर सगळ्यांची पावलं कशी एका ओळीत पडतात! मग हलगीवाला ठेका वाढवतो. आणखी वाढवतो. शेवटी मधल्या रांगेत एखाद्याचं पाऊल चुकतंच. गंमत अशी, की लेझीम काही थांबत नाही. बघणाऱ्यांना कळतही नाही. पण पाऊल चुकलेलं असतं ते असतंच.

संगणकाच्या पोटातही अशीच एक हलगी असते, बरं का! तिला क्लॉक म्हणतात. तिच्या ठोक्यांवर प्रोसेसर कामाचं एकेक पाऊल टाकतो. सेकंदाला दहा लाख ठोके म्हणजे १ मेगाहर्ट्झ. पुण्यात जन्मलेल्या विनोद धाम यांच्या नेतृत्वाखाली इंटेल कंपनीत तयार झालेला पेंटियम १९९३ साली बाजारात आला, तेव्हा त्याचे वेग होते ६० आणि ६६ मेगाहर्ट्झ. ६६ म्हणजे सेकंदाला ६ कोटी ६० लाख ठोके! कंपनीने ठरवून दिलेला ठेका आपण वाढवायचा, याला म्हणतात ओव्हरक्लॉकिंग.

तुम्ही विचाराल, कंपनीने लिहिलेला वेग हाच शेवटचा वेग नसतो का? बहुतेक वेळा नसतो. सिलिकॉनच्या एकाच चकतीवर पुष्कळ प्रोसेसर एकदम तयार होतात. पण एका झाडाचे सगळे आंबे जसे सारखे नसतात, तसे हेही नसतात. कंपनी ते तपासते आणि खात्रीने झेपेल असाच वेग लिहिते. म्हणून थोडी जागा शिल्लक राहते. १९९८ सालचा सेलेरॉन ३००-ए यासाठीच गाजला. त्याचा मूळ ठेका ६६. त्याची साडेचार पट म्हणजे जवळजवळ ३००. हौशी मंडळींनी मूळ ठेका १०० केला आणि वेग झाला ४५०! अर्थात, प्रत्येकाचा प्रोसेसर तिथवर पोचला नाही.

मग मर्यादा शोधायची कशी? सुकापूरला आमच्या घरी कोर टू ड्युओ ई-४३०० हा २००७ सालचा प्रोसेसर असलेला जुना डेस्कटॉप आहे. मूळ ठेका २००, त्याची ९ पट म्हणजे १८०० मेगाहर्ट्झ. जानेवारीत माझा नववीतला भाचा आणि मी त्याच्यासमोर वही घेऊन बसलो. आधी आतली धूळ साफ केली, कामाच्या फायली दुसरीकडे उतरवल्या. रॅमचा वेग मुद्दाम कमी ठेवला. नाहीतर चूक प्रोसेसरची की रॅमची, हे कळणार कसं? एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगाचा पहिला नियम.

संगणक सुरू होताना दिसणाऱ्या बायोसच्या पडद्यावर मूळ ठेका दहा-दहाने वाढवत गेलो. प्रत्येक पायरीला 'प्राइम ९५' नावाचा प्रोग्रॅम चालवायचा. तो प्रोसेसरला अवघड गणितं घालतो. त्यांची उत्तरं त्याला आधीच माहीत असतात, म्हणून चूक लगेच पकडतो. ३०० पर्यंत, म्हणजे २७०० मेगाहर्ट्झपर्यंत, सगळी उत्तरं बरोबर आली. ३१० ला वीस मिनिटांनी प्रोग्रॅमने सांगितलं, उत्तर चुकलं!

"पण मावशी, चालतोय की! गाणी वाजतायत, चित्रं दिसतायत," भाचा म्हणाला.

"तुझ्या वहीत गणिताचं उत्तर चुकलं, तर वही बंद पडते का रे?" मी विचारलं.

तो हसला, पण त्याला आणखी पुढे जायचं होतंच. ३२० ला पडदा निळा झाला. ३३० ला संगणक सुरूच होईना. त्याचा चेहरा एवढासा झाला. मग वायर भिंतीतून काढली, बोर्डावरचा नाण्याएवढा सेल थोडा वेळ बाजूला ठेवला. सेल परत बसवल्यावर बायोस सगळं विसरलं आणि संगणक पुन्हा १८०० वर सुरू झाला.

आम्ही वहीत '३००' लिहून खाली दोन रेघा मारल्या. पण खरी गंमत मे महिन्यात झाली. तीच पायरी, तोच प्रोसेसर आणि उत्तर चुकलं! जानेवारीत कामाच्या वेळी ६२ अंश दाखवणारा प्रोसेसर आता ७४ दाखवत होता. ठेका वाढला की उष्णता वाढते, आणि चिप तापली की तिच्यातली पावलं मंदावतात. विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, वाढवला तर आणखी वेग मिळतो; पण उष्णता त्या दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पहिले पेंटियम ५ व्होल्टवर चालत आणि चांगलेच तापत. १९९४ चे नवे पेंटियम ३.३ व्होल्टवर आले. आता ३.३ चा वर्ग आणि ५ चा वर्ग काढून बघा. त्याच ठेक्याला उष्णता निम्म्याहूनही कमी! म्हणून आम्ही दाबाला हातच लावला नाही. २०२२ साली हौशी तज्ज्ञांनी एक प्रोसेसर ९००० मेगाहर्ट्झच्या पुढे नेला खरा. पण त्यासाठी उणे २६९ अंशांचं द्रवरूप हेलियम लागलं, आणि तेही थोड्याच वेळापुरतं.

आमचा संगणक आता २६६ वर, म्हणजे सुमारे २४०० मेगाहर्ट्झवर, चालतो. भर मे महिन्यातही तो रात्रभराच्या चाचणीत एकदाही चुकला नाही.

तुम्हाला हा प्रयोग करावासा वाटला, तर तो मोठ्यांना शेजारी बसवूनच करा. पालकहो, घरात एकच संगणक असेल आणि त्यावर कुणाचं काम असेल, तर त्याला मुळीच हात लावू देऊ नका. प्रोसेसर बिघडू शकतो, हमी जाऊ शकते. जुना, अडगळीतला, बायोसमध्ये ठेका बदलू देणारा असेल तरच बघा. आणि डब्याच्या आत हात घालण्याआधी वायर भिंतीतून काढलेली असलीच पाहिजे.

भाच्याच्या वहीत '३००' च्या दोन रेघा अजून आहेत. पण त्याखाली त्याने स्वतःहून लिहिलंय, 'हा जानेवारीचा आकडा. खरा आकडा २६६.' लेझीम किती जलद झाली यापेक्षा सगळ्यांची पावलं बरोबर पडली का, ते आधी बघायचं. काय, पटतंय ना?