डीझेल पिकअप ट्रक : घरगुती निगा व फेरबदल

पुढे चालकाची बंद केबिन व मागे बुटक्या कडांचा, वरून उघडा हौदा असलेल्या हलक्या मालवाहू मोटारगाडीला पिकअप ट्रक म्हणतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत शेतकरी, बांधकाम कंत्राटदार व जनावरांची गाडी ओढून नेणारे पशुपालक डीझेल एंजिनाचे पिकअप मोठ्या प्रमाणावर वापरतात. तेथे कारागिराची मजुरी महाग असते व घराला जोडून गाडीखाना असतो. त्यामुळे गाडीची दुरुस्ती स्वतः करण्याची प्रथा रुजली आहे. या कामाचे दोन भाग पडतात. निगेमध्ये निर्मात्याने साधलेला इंधन, हवा, उष्णता व भागांची ताकद यांचा समतोल टिकवावयाचा असतो. फेरबदलात तो मुद्दाम हलविला जातो आणि मग अन्यत्र सावरावा लागतो. हे सावरणे राहून गेल्यास एंजिन निकामी होते, काही वेळा माणसे जखमी होतात आणि परिसरातील हवाही दूषित होते.

इतिहास : रूडोल्फ डीझेल या जर्मन अभियंत्याने १८९२ मध्ये आपल्या एंजिनाच्या एकस्वासाठी अर्ज केला व १८९७ मध्ये आउग्झबुर्क येथे पहिले यशस्वी एंजिन चालवून दाखविले. या एंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून तापविली जाते व तीत फवारलेले इंधन आपोआप पेटते [→ अंतर्ज्वलन–एंजिन]. जनरल मोटर्सने १९७८ मध्ये हलक्या पिकअपसाठी ओल्ड्‌समोबिलचे ५·७ लि. डीझेल एंजिन उपलब्ध केले. त्याच्या शीर्षाचे बोल्ट दाबाला पुरे पडत नसत व इंधनातील पाणी वेगळे करण्याची सोय आरंभी नव्हती. परिणामी डीझेल एंजिनाविषयीच ग्राहकांचे मत कलुषित झाले. १९८९ मध्ये डॉज पिकअपमध्ये कमिन्सचे सहा सिलिंडरांचे, ५·९ लि. घनफळाचे एंजिन आले. त्याची शक्ती १६० अश्वशक्ती व परिबल सु. ५४० न्यूटन–मीटर होते. सर्व सिलिंडर एका ओळीत, भोवती हात घालण्यास पुरेशी जागा आणि इंधनपंप पूर्णतः यांत्रिक, यांमुळे घरी काम करणाऱ्यांचे ते आवडते एंजिन ठरले. पुढील विवेचनात मुख्यतः १९८९–९८ या काळातील हे बारा झडपांचे एंजिन उदाहरणादाखल घेतले आहे. १९९८ च्या मध्यापासून त्यात चोवीस झडपा व इलेक्ट्रॉनीय नियंत्रणाचा पंप आला. २००३ मध्ये सामायिक नळीची, सु. १,६०० बार दाबाची इंधनयोजना आली.

नियमित निगा : अंतःक्षेपण पंपाच्या सरकत्या भागांतील फट मिलिमीटरच्या काही सहस्रांश एवढीच असते आणि या भागांना वंगण मिळते ते इंधनाचेच. म्हणून धूळ व पाणी हे पंपाचे मुख्य शत्रू होत. गाळणीच्या तळाशी साचलेले पाणी वेळोवेळी सोडून द्यावे. गाळणी बदलल्यावर नळ्यांत अडकलेली हवा हातपंपाने काढून टाकावी, नाहीतर एंजिन सुरू होत नाही. १९९८ नंतरच्या इलेक्ट्रॉनीय पंपाला टाकीकडून पुरेसे इंधन मिळाले नाही, तर तो तापून बिघडतो. स्वस्त पुरवठा पंपातील दोषापायी महागडा मुख्य पंप गमावल्याची उदाहरणे अनेक आहेत. यासाठी अनुभवी मालक केबिनमध्ये इंधनदाबाचा मापक बसवितात.

या एंजिनात सु. १० लि. वंगणतेल लागते. ते थोड्याच अंतरात काळे पडते, पण हा बिघाड नव्हे. ज्वलनातील काजळी तेलात निलंबित ठेवणे हे त्या तेलाचे कामच असते. तेल बदलण्याची वेळ रंगावरून न ठरविता अंतर, काळ व ओढलेले ओझे यांवरून ठरवावी.

झडपांतील मोकळीक तपासणे हे घरी सहज जमणारे काम आहे. एंजिन थंड असताना फीलर गेजच्या पातळ पोलादी पट्ट्यांनी ती मोजतात. आगमन झडपेसाठी ती ०·२५ मिमी. व निष्कास झडपेसाठी ०·५१ मिमी. असावी लागते. निष्कास झडप अधिक तापून अधिक प्रसरण पावते, म्हणून तिला जास्त फट देतात. पहिल्या सिलिंडरचा दट्ट्या संपीडनाच्या अखेरीस वरच्या टोकाशी आणून सहा झडपा आणि भुजादंड एक पूर्ण फेरा फिरवून उरलेल्या सहा झडपा जुळविता येतात.

या एंजिनातील एक उणीव विशेष प्रसिद्ध आहे. पुढील दंतचक्रांची पेटी नेमक्या जागी बसविण्यासाठी एक लहान पोलादी खुंटी घातलेली असते. कंपनांमुळे ती वर्षानुवर्षे हळूहळू बाहेर सरकते. सुदैवाने कधी ती तळाच्या तेलपात्रात पडते, परंतु दंतचक्रांच्या दात्यांत सापडली तर पेटी फुटते व एंजिनाचा कालमेळ नष्ट होतो. उपाय अगदी साधा आहे. पुढचे झाकण काढून शेजारच्या बोल्टाखाली धातूची छोटी पट्टी अशी बसवितात की, तिचे टोक खुंटीच्या तोंडावर येते. पट्टीची किंमत क्षुल्लक असते आणि श्रम एका दिवसाचे असतात. हा उपाय वेळीच केल्यास संपूर्ण एंजिन वाचते.

सुरक्षितता : जॅक फक्त गाडी उचलण्यासाठी असतो. गाडीखाली शिरण्यापूर्वी तिचा भार पोलादी स्टँडवर घ्यावा व चाकांना अटकाव लावावा. अंतःक्षेपण नळीची गळती हाताने चाचपून शोधू नये. डोळ्यांना न दिसणारा इंधनाचा झोत कातडी भेदून ऊतींत शिरतो. जखम टाचणीएवढी दिसली, तरी शस्त्रक्रिया लांबल्यास बोट वा हात गमवावा लागतो. गळती शोधण्यासाठी पुठ्ठ्याचा तुकडा फिरवावा. या एंजिनाच्या आगमन मार्गात हवा तापविणारी विद्युत् जाळी असते. त्यामुळे थंडीत एंजिन सुरू करण्यासाठी ईथराचा फवारा मारल्यास स्फोट होऊ शकतो. टर्बो अधिभारकातून वंगणतेल सिलिंडरांत ओढले गेल्यास किल्ली बंद करूनही एंजिन अनावर वेगाने फिरत राहते. अशा वेळी हवेचे तोंड जाड फळीने बंद करावे. त्यावर हात वा कापड ठेवू नये.

फेरबदल : डीझेल एंजिनाची शक्ती मुख्यतः दर आवर्तनास फवारलेल्या इंधनावर अवलंबून असते. १९९४–९८ च्या पंपात कमाल इंधनाची मर्यादा ठरविणारी एक पोलादी पट्टी असते. ती सरकविली किंवा तिचा आकार बदलला की, थोड्या खर्चात शक्ती बरीच वाढते. हे इतके सोपे आहे म्हणूनच फसवे आहे. जादा इंधनाला पुरेशी हवा न मिळाल्यास काळा धूर निघतो व निष्कास वायूचे तापमान चढते. ते दीर्घकाळ सु. ७००° से. च्या वर राहणे धोक्याचे मानतात. दट्ट्या ॲल्युमिनियमाच्या मिश्रधातूचा असतो व शुद्ध ॲल्युमिनियम ६६०° से. ला वितळते. तळातून उडणाऱ्या तेलाच्या फवाऱ्याने दट्ट्या थंड राहतो, पण त्यालाही मर्यादा आहे. धोका रिकाम्या गाडीत सहसा जाणवत नाही. ओझे ओढत लांब चढ चढताना तो प्रत्यक्षात येतो. म्हणून इंधन वाढविण्यापूर्वी निष्कास मार्गात तापमापक बसवावा.

यापुढची मालिका ठरलेली आहे. हवा वाढविण्यासाठी मोठा टर्बो अधिभारक व हवा थंड करणारा शीतक लागतो. वाढलेले परिबल क्लच किंवा स्वयंचलित गतिपेटी पेलू शकत नाही, म्हणून त्याही बदलाव्या लागतात. नियंत्रकाच्या कमानी बदलून एंजिनाचा कमाल वेग वाढविला, तर झडपांच्या मूळच्या कमानी झडपा वेळेवर मिटवू शकत नाहीत व झडप दट्ट्यावर आदळू शकते. शक्ती वाढली तरी ब्रेक पूर्वीचेच राहतात. गाडीची उंची वाढविल्यास गुरुत्वमध्य वर जातो व वळणावर उलटण्याचा संभव वाढतो. मागच्या धुऱ्यावर जादा पाटे घातल्याने गाडी कमी दबते, परंतु चौकट, धुरा, टायर व ब्रेक यांची भारक्षमता मुळीच वाढत नाही.

प्रदूषण व कायदा : अमेरिकेत २००६ पासून महामार्गावरील डीझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत १५ भागांपर्यंत खाली आणले गेले. गंधक निष्कास शुद्ध करणाऱ्या उत्प्रेरकांना मारक असते, म्हणून हे आधी करावे लागले. २००७ पासून काजळी अडविणारी गाळणी व २०१० पासून नायट्रोजन ऑक्साइडांवरील कठोर मर्यादा आली. या मर्यादेसाठी ३२·५ टक्के यूरियाचे जलीय द्रावण निष्कासात फवारले जाते. ही साधने देखभालीला त्रासदायक वाटतात, म्हणून काही मालक ती काढून टाकतात व नियंत्रक संगणकाची आज्ञावली बदलतात. १९७० च्या स्वच्छ हवा अधिनियमात १९९० मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर हे कृत्य खाजगी मालकालाही निषिद्ध आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२० मध्ये केलेल्या अंदाजानुसार, त्याआधीच्या सु. दहा वर्षांत ५,५०,००० हून अधिक डीझेल पिकअपमधील अशी साधने काढून टाकण्यात आली. नायट्रोजन ऑक्साइडांच्या दृष्टीने याचा परिणाम रस्त्यावर ९० लाखांहून अधिक नियमानुसारी पिकअप नव्याने आणण्याइतका होतो, असे संस्थेने नमूद केले. एकट्या गाडीने काय बिघडते, या समजुतीला हा आकडा पुरेसे उत्तर देतो.

भारतात भाजीपाला, दूध व बांधकाम साहित्य यांच्या वाहतुकीसाठी डीझेल पिकअप सर्वत्र वापरले जातात. १ एप्रिल २०२० पासून भारत टप्पा सहाचे निकष देशभर लागू झाले आणि डीझेलमधील गंधकाची मर्यादा दशलक्षात १० भागांवर आली. त्यामुळे काजळी गाळणी व उत्प्रेरक येथील नव्या गाड्यांतही आले आहेत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ विनिर्देशाहून वेगळा ठरेल असा फेरबदल मालकाला करता येत नाही. तेल, गाळण्या, झडपांची मोकळीक व ब्रेक यांची निगा मात्र मालकाने घरी राखण्यास कोणताही अडसर नाही. दुरुस्तीची तारीख, धावलेले अंतर व घेतलेली मापे एका वहीत नोंदविल्यास पुढील बिघाडाची चाहूल बरीच आधी लागते.