खारबांधाची खांड उधाणाआधी बुजवा



पावसाळा तोंडावर आला की बी-बियाणं आणि खताची धावपळ सुरू होते. पेण, अलिबाग, पनवेलकडील खारजमीनवाल्यांनी मात्र त्याआधी बाहेरकाठ्यावर एक फेरी मारावी. आपलं शेत उधाणाच्या भरतीपेक्षा खाली आहे. खाडी आणि शेत यांच्यामध्ये आहे तो एवढा बांधच.

बांध एकाएकी फुटत नाही. खेकडा बीळ करतो, त्यातून पाणी झिरपतं, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला त्याच जागी खांड पडते. बीळ दिसलं तर वरवर माती लोटू नका. ते खणून मोकळं करा आणि चिकण मातीचे गोळे घालून थराथराने ठोका. ही माती बांधाच्या पायथ्याची घेऊ नका, पायथा सुटून बांध खचतो.

मग उघाडी पाहा. ओहोटीला आतलं पाणी झडप ढकलून बाहेर जातं, भरतीला झडप आपोआप मिटते. फटीत एखादी काटकी अडकली तरी खारं पाणी आत शिरतं. काही मंडळी कोळंबी-जिताड्याच्या लोभाने झडप मुद्दाम वर बांधून ठेवतात. त्यांचं चार दिवसांचं कालवण होतं आणि शेजाऱ्याच्या शेतात मीठ बसतं. कटू वाटेल, पण बोलायला हवं.

"बांध सरकारी, आम्ही का राबावं?" असं पुष्कळजण विचारतात. पूर्वी गावाचा जोळ बांध राखत असे. १९४८ च्या खारजमीन कायद्यानंतर पुष्कळ बांध सरकारकडे गेले आणि जोळ मोडत गेले. मोठ्या खांडीसाठी खारभूमी विभागाकडे लेखी अर्ज करा, पोच घ्या. पण हातभर बीळ अर्जाची वाट पाहत नाही!

खांड तशीच राहिली तर दोन-चार हंगामांत शेतात तिवर रुजतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने राज्यात कांदळवन तोडायला बंदी आहे, मालकीच्या जमिनीतसुद्धा. सातबारा भाताचा आणि उभं रान तिवरांचं, अशी अवस्था काही गावांत मी पाहिली आहे. यात तिवरांचा दोष नाही. बांधाबाहेरचे तिवर लाटेचा जोर मोडतात म्हणून बांध टिकतो. सरपणासाठीही त्यांना हात लावू नका.

खारं पाणी शिरून गेलं असेल तर लावणीची घाई नको. पहिल्या पावसाचं पाणी शेतात कोंडा, मीठ विरघळू द्या, ओहोटीला उघाडीतून सोडा. असं दोन-तीनदा करा. बियाणं पनवेल-१, पनवेल-२ किंवा पनवेल-३ घ्या. हे खारटपणा सोसणारे वाण पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राचे आहेत.

फेरीला ओहोटीच्या वेळी निघा, म्हणजे बाहेरच्या अंगाची बिळं दिसतील. फावडं आणि घमेलं बरोबर असू द्या.