भोक पडलेला रुपया घ्यावा का?

उन्हाळ्याच्या सुट्टीत यवतमाळ जिल्ह्यातील एका गावी गेलो असता तेथील माध्यमिक शाळेच्या एका शिक्षकांनी आमच्यापुढे दोन पुरचुंड्या सोडल्या. पहिलीत चांदीचे पाच राणी छाप रुपये होते. तिघांना भोके पाडलेली, चौथ्याला वर डाख देऊन बसवलेली कडी, तर पाचवा झिजून गुळगुळीत झालेला. गावातल्या सराफाकडे ते मोडीत आले होते. ‘आज नेले नाहीत तर उद्या मुशीत जातील,’ असे त्याने सांगितले होते. दुसऱ्या पुरचुंडीत बोराच्या बीएवढी काही हिरवट नाणी होती. ती एका शेतकऱ्याला नांगरताना सापडली होती आणि अगदी थोड्या पैशांत मिळत होती. सरांना शाळेसाठी नाण्यांचा संग्रह सुरू करायचा होता, पण हाताशी पैसे बेताचेच. त्यांचा प्रश्न सरळ होता: असली खराब नाणी घ्यावीत, की पैसे साठवून पुढे एखादे चांगले नाणे घ्यावे?

आम्ही धातूंचे अभ्यासक. नाण्यांचा बाजारभाव सांगणे आमचे काम नाही. पण नाणे ‘खराब’ झाले म्हणजे त्याचे नेमके काय झाले, हे धातूकडे पाहून सांगता येते, आणि निर्णय बहुधा त्यातच असतो.

खराबी म्हणजे माहितीही

१९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. त्यात १३,२५० च्या आसपास नाणी होती, सगळी क्षत्रप राजा नहपान याची. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर मूळ छाप बिघडवून दुसरा छाप मारलेला होता. हा दुसरा छाप गौतमीपुत्र सातकर्णीचा. नहपानाचा पराभव करून सातकर्णीने त्याचेच चलन आपल्या नावाने चालवले, याचा हा धडधडीत पुरावा! नहपानाचा चेहरा स्वच्छ दिसावा अशी ज्याची इच्छा, त्याच्या दृष्टीने ही नऊ हजार नाणी बिघडलेली. इतिहासाच्या दृष्टीने मात्र साठ्याचे मोल त्यांच्यामुळेच वाढले.

म्हणून खराब नाणे हाती आले की तीन प्रश्न विचारावेत. नुकसान थांबलेले आहे की अजून चालू आहे? त्या नुकसानीने माहितीत भर पडली की माहिती पुसली गेली? आणि नाणे आले कोठून, हे सांगता येते का?

भोकाचा हिशेब

आता रुपयांकडे वळू. यवतमाळच्या बाजूला बंजारा तांड्यांवर दागिन्यांत नाणी गुंफण्याची रीत आहे. भोक किंवा कडी असलेला रुपया म्हणजे चलनातून निघून गळ्यात गेलेला रुपया. भोकाची कड भिंगाखाली पाहावी. दोऱ्यावर वर्षानुवर्षे लोंबलेल्या नाण्यात भोकाची वरची बाजू घासून किंचित लांबट आणि गुळगुळीत झालेली असते. कड धारदार आणि आतला धातू लखलखीत असेल तर भोक नवे समजावे. आमच्या तिन्ही रुपयांची भोके लांबट होती. हे नुकसान कधीच थांबलेले होते, आणि नाण्याच्या दुसऱ्या आयुष्याची हकीकत सांगत होते. झिजलेल्या रुपयावरही ‘क्वीन’ की ‘एम्प्रेस’ एवढे वाचता आले तर तो १८७७ च्या आधीच्या छापाचा की नंतरच्या, हे कळते.

रुपया खरा आहे का, हे शाळेच्या प्रयोगशाळेत तपासता येते. त्या रुपयाचे ठरलेले वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी आणि एक भाग तांबे. चांदीची घनता १०.४९ आणि तांब्याची ८.९६ धरली तर या मिश्रधातूची घनता सुमारे १०.३ येते. नाणे बारीक दोऱ्याने टांगून आधी हवेत आणि मग पाण्यात बुडवून तोलावे. अस्सल पूर्ण वजनाच्या रुपयाचे वजन पाण्यात सुमारे १.१३ ग्रॅमने घटते. तेवढ्याच वजनाचा पितळेचा किंवा तांबे-निकेलचा मुलामा दिलेला तुकडा असेल तर घट १.३ ग्रॅमच्या पुढे जाते. भोकामुळे वजन कमी होते, घनता बदलत नाही. म्हणून ही कसोटी भोकाच्या रुपयालाही लागू पडते. कडीवाल्याला मात्र नाही, कारण डाखाचा धातू निराळा असतो.

आणखी एक गणित विद्यार्थ्यांना घालावे. रुपयाचा व्यास ३०.५ मिलिमीटर, म्हणून सरासरी जाडी दीड मिलिमीटरच्या आसपास येते. तीन मिलिमीटर व्यासाच्या भोकातून किती चांदी गेली? उत्तर सुमारे ०.११ ग्रॅम. मग एखादा भोकाचा रुपया ११.१ ग्रॅमच भरला, तर उरलेली ०.४५ ग्रॅम चांदी कोठे गेली? दोन्ही बाजूंची चित्रे सारखी पुसट असतील तर ती वापरात झिजली. चित्रे ठसठशीत, पण कडेचे दाते घासलेले असतील तर कोणी तरी कानस चालवली आहे!

चालू असलेले नुकसान

हिरव्या नाण्यांची गोष्ट वेगळी. तांब्याच्या मिश्रधातूवर चढलेला कठीण, गुळगुळीत, गडद हिरवा किंवा तपकिरी थर हा नाण्याचा शत्रू नव्हे. तो आतील धातूचे रक्षण करतो आणि अक्षरेही पुष्कळदा त्याच थरात टिकून असतात. पण खळग्यांत फिकट हिरवी पूड असेल आणि सुईच्या टोकाने ती सहज झडत असेल, तर सावध व्हावे. याला ‘काशाचा रोग’ म्हणतात.

जमिनीतील क्षारांमधून क्लोराइड धातूत शिरते आणि थराखाली तांब्याचे क्लोराइड बनून बसते. हवा आणि ओल मिळाली की त्यापासून फिकट हिरवी पूड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होते. हे आम्ल नवे तांबे खाते, त्यातून पुन्हा क्लोराइड बनते, आणि चक्र चालू राहते. अकोला, अमरावतीकडील खारपाणपट्ट्यासारख्या जमिनीतून आलेल्या नाण्यांबाबत तर विशेष काळजी घ्यावी. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भातील हवा इतकी कोरडी असते की हा रोग झोपी जातो. तेव्हा घेतलेले नाणे श्रावणात हिरव्या पुडीने भरलेले आढळते. शंका असल्यास नाणे ओल्या कापसासोबत, पण कापसाला न टेकवता, बंद डबीत एक-दोन दिवस ठेवावे. रोग असेल तर पुडीचे ठिपके दिसू लागतात. असे नाणे ऊर्ध्वपातित पाण्यात पुष्कळ दिवस, पाणी बदलत ठेवून, नीट वाळवून हवाबंद डबीत सिलिका जेलच्या पुडीसह ठेवले तर रोग आटोक्यात येऊ शकतो. पण वेळ आणि जागा नसेल तर असे नाणे घेऊ नये.

या सर्वांहून वाईट नुकसान आपल्या हातून होते. चिंच, लिंबू किंवा राख लावून नाणे चकचकीत करण्याचा मोह आवरावा. आम्ल हिरवा थर विरघळवते आणि त्यासोबत अक्षरेही जातात. राख पृष्ठभागावर ओरखडे काढते. हे नुकसान थांबलेले असते खरे, पण त्यातून माहितीत काहीच भर पडत नाही. लखलखीत ‘जुने’ नाणे दिसले की आम्ही हात आखडता घेतो.

नाण्याचे गाव

भिंगाखाली त्या हिरव्या नाण्यांपैकी एकावर हत्ती दिसला, आणि मागे परस्परांना छेदणाऱ्या दोन दांड्यांच्या टोकांवर चार वर्तुळे. विदर्भातील सातवाहनांची नाणी अशी असतात. ती तांबे, कथील आणि शिसे यांच्या मिश्रधातूची असून त्या मिश्रधातूला ‘पोटीन’ म्हणतात. यवतमाळला लागून असलेल्या आजच्या वाशीम जिल्ह्यातील तऱ्हाळा येथे १९३९ मध्ये अशा सुमारे १६०० नाण्यांचा साठा मिळाला. त्यांवरील लेख म. म. वा. वि. मिराशी यांनी वाचले. छाप मोठा आणि नाणे लहान, त्यामुळे एका नाण्यावर राजाच्या नावाचा तुकडाच उमटतो. शेकडो अर्धवट नाणी शेजारी ठेवल्यावरच पूर्ण नाव जुळते. कुंभ, कर्ण आणि शक सातकर्णी ही पुराणांत न आढळणारी नावे अशीच पुढे आली. तो साठा पाच-पाच, दहा-दहा नाण्यांनी शंभर घरांत गेला असता तर?

म्हणून तिसरा प्रश्न. जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे. सरकारने तो ठेवून घेतल्यास मोबदल्याचीही तरतूद त्यात आहे. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुने नाणे ‘पुरावस्तू’ ठरते आणि त्यांच्या विक्रीचा धंदा करण्यास परवाना लागतो. तेव्हा पावती मागण्यास संकोच करू नये.

सरांनी काय केले? भोकाचे तिन्ही रुपये आणि कडीचा रुपया त्यांनी चांदीच्या भावाने घेतला. कडी काढू नका, असे आम्ही सुचवले. नुसत्या रुपयाहून कडीचा रुपया अधिक बोलतो. गुळगुळीत रुपयावर काहीच वाचता येईना, म्हणून तो परत केला. हिरवी नाणी विकत घेतली नाहीत. शेतकऱ्याला सोबत घेऊन तहसील कार्यालयात कळवायचे, आणि नाणी सापडली ती जागा व खोली त्याआधी वहीत टिपून ठेवायची, असे ठरले.

त्या वहीची सुरुवात आपल्याही शाळेत करता येईल. प्रत्येक नाण्याला एक पान द्यावे: वजन, व्यास, पाण्यातील घट, नुकसान कोणते, कोणाकडून आणि केव्हा मिळाले. भोकाचा रुपया गेली कित्येक वर्षे कोणाच्या गळ्यात होता, हे विचारण्यासाठी एखादा विद्यार्थी तांड्यावर आपल्या आजीकडे गेला, तर संग्रहाचे निम्मे काम झाले असे समजावे.