वेडेवाकडे दात : तार कधी, कोणाकडे आणि कशासाठी?

‘मुलीचे दात पुढे आहेत, क्लिपा लावाव्यात का?’ ‘दात काढावे लागतात म्हणे, मग डोळे अधू होत नाहीत का?’ ‘लग्न जमवायचे आहे, दोन महिन्यांत होईल का?’ वस्त्यांमध्ये आरोग्य तपासणीला गेलो की रक्तदाब आणि हिमोग्लोबिनची रांग संपल्यावर एखादी आई मागे रेंगाळते आणि हे प्रश्न हळू आवाजात विचारते. शेजारी उभी मुलगी बहुधा ओढणी तोंडाशी धरून असते. या प्रश्नांची उत्तरे मोठ्या आवाजात आणि सर्वांसमोर द्यावीत, म्हणून आम्ही यावेळचे आरोग्य पान दातांच्या ठेवणीसाठी घेतले आहे.

पहिली गोष्ट स्पष्ट करू. दात वाकडे असणे हा मुलीचा दोष नाही, आईने गरोदरपणात काही चुकीचे खाल्ल्याचा परिणाम नाही आणि नशिबाचा खेळही नाही. बाळाला वरचा दात आधी आला तर मामाला वाईट, दातावर दात आला तर भाग्य, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. दात कोणत्या क्रमाने येतात याचा मामाच्या आयुष्याशी काहीही संबंध नाही. दातावर दात येतो तो जबड्यात जागा कमी पडते म्हणून.

दात वाकडे का येतात?

दुधाचे दात २० असतात, पक्के दात ३२. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे पहिली पक्की दाढ येते. ही दाढ कोणताही दात न पडता येते, म्हणून अनेक पालक तिला दुधाचीच समजतात आणि किडली तरी ‘पडणारच आहे’ म्हणून सोडून देतात. बारा-तेरा वर्षांपर्यंत अक्कलदाढा सोडून बाकी सर्व पक्के दात तोंडात आलेले असतात.

ठेवण बिघडण्यामागे आनुवंशिकता मोठी असते. जबडा लहान, दात मोठे, अशी जोडी आई-वडिलांकडून आली की दाटी होते. पण काही कारणे आपल्या हातातली आहेत. चार वर्षांनंतरही मूल अंगठा चोखत राहिले तर वरचे दात पुढे येतात आणि पुढच्या दातांमध्ये फट राहते. नाक कायम बंद असल्यामुळे मूल तोंडाने श्वास घेत असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे. आणि सर्वांत दुर्लक्षित कारण म्हणजे दुधाच्या दाढांची कीड. दुधाची दाढ खालच्या पक्क्या दातासाठी जागा धरून ठेवते. ती वेळेआधी काढावी लागली की शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि पक्का दात आला की त्याला वाट मिळत नाही. अशा वेळी दंतवैद्य जागा राखणारी एक लहानशी तारेची कडी बसवतात. तिचा खर्च पुढच्या क्लिपांच्या मानाने फार थोडा असतो.

सगळेच वाकडे दिसणारे दात उपचाराचे नसतात, हेही सांगायला हवे. आठ ते अकरा वर्षांच्या मुलांच्या पुढच्या दोन दातांमध्ये फट दिसते, दात पंख्यासारखे पसरलेले वाटतात. बहुतेक मुलांमध्ये सुळे खाली उतरले की ही फट आपोआप मिटते. तसेच चंद्रपूर, यवतमाळकडच्या काही गावांत पाण्यातल्या जादा फ्लोराइडमुळे दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात. तारेने दात सरळ होतील, डाग जाणार नाहीत. त्याचा उपाय वेगळा आणि पाण्याचा प्रश्नही वेगळा.

गरज आहे की हौस?

वरचे दात फार पुढे असतील तर पडल्या-झडल्यावर ते तुटण्याचा धोका जास्त असतो. खालचे दात वरच्या टाळूला टोचत असतील, पुढचे दात मिटतच नसल्याने घास तोडता येत नसेल, खालचा जबडा वरच्यापुढे जात असेल, सुळा हाडातच अडकला असेल, दाटीमुळे ब्रश पोहोचत नसून हिरड्यांतून रक्त येत असेल, तर ही वैद्यकीय गरज आहे. एखादा दात किंचित तिरका असेल आणि मूल बिनधास्त हसत असेल तर काही न करणे हाही योग्य निर्णय असतो. पण वर्गातल्या चिडवण्याने मुलगी बोलायची, हसायची, हात वर करून उत्तर द्यायची थांबली असेल, तर तिचा त्रासही खराच आहे. त्याला नुसती हौस म्हणून मोडीत काढू नये.

तारेने दात सरकतो कसा?

दात हा भिंतीत ठोकलेल्या खिळ्यासारखा हाडात घट्ट रुतलेला नसतो. बाज जशी दोऱ्यांवर ताणलेली असते, तसे दाताचे मूळ बारीक तंतूंनी हाडाला बांधलेले असते. तारेने दातावर हलका, सततचा दाब दिला की ज्या बाजूला दाब पडतो तिथले हाड विरघळते आणि ज्या बाजूला ताण पडतो तिथे नवे हाड तयार होते. दात असा महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो. म्हणून पूर्ण उपचाराला बहुधा दीड ते दोन वर्षे लागतात, अवघड असेल तर जास्त. दाब वाढवून घाई केली तर मुळे झिजतात. दोन महिन्यांत दात सरळ करून देतो म्हणणारा माणूस बहुतेक वेळा दात सरळ करत नसतो. तो चांगले दात घासून त्यावर टोप्या बसवत असतो, किंवा पुढचे दात काढून नकली लावत असतो. घासलेला दात पुन्हा पूर्वीसारखा होत नाही, आणि त्या टोप्या आयुष्यात पुन्हा पुन्हा बदलाव्या लागतात. लग्नाच्या घाईत वीस वर्षांच्या मुलीचे निरोगी दात असे बळी देऊ नका.

कोणते पर्याय आहेत?

धातूच्या क्लिपा हा सर्वांत जुना, मजबूत आणि तुलनेने स्वस्त पर्याय. प्रत्येक दातावर लहान चौकट चिकटवतात, त्यातून तार ओवतात आणि चार ते सहा आठवड्यांनी ती बदलतात किंवा ताणतात. अवघड ठेवणही याने सुधारते. निकेलची ॲलर्जी असेल, म्हणजे खोट्या दागिन्यांनी अंगावर पुरळ उठत असेल, तर आधी सांगावे.

सिरॅमिकच्या क्लिपा दाताच्या रंगाच्या असतात, कमी दिसतात, पण महाग आणि थोड्या ठिसूळ. दातांच्या आतल्या बाजूने बसवायच्या क्लिपाही असतात. त्या बाहेरून दिसत नाहीत, पण खर्च बराच, आणि सुरुवातीला जिभेला टोचतात, बोलणे अडखळते.

अलायनर म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचे साचे. एकेक साचा आठवडा-दोन आठवडे वापरून पुढचा लावायचा. दिवसातले २० ते २२ तास ते तोंडात हवेत, जेवताना आणि ब्रश करताना काढायचे. कमी-मध्यम वाकडेपणाला ते चांगले, पण शिस्त नसलेल्या मुलाला उपयोगाचे नाहीत. डब्यात ठेवलेला साचा दात सरकवत नाही. दंतवैद्याने तोंड न तपासता, एक्स-रे न काढता घरपोच साचे पाठवणाऱ्या जाहिरातींपासून सावध राहा. अमेरिकेत असे घरपोच साचे विकणारी ‘स्माइलडायरेक्टक्लब’ ही मोठी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली आणि अर्ध्या उपचारात असलेले ग्राहक वाऱ्यावर सुटले.

वाढत्या वयातल्या मुलांसाठी काढता-घालता येणारी साधने वेगळी असतात. खालचा जबडा मागे असेल तर उंची झपाट्याने वाढण्याच्या काळात, मुलींमध्ये साधारण १० ते १२ आणि मुलांमध्ये १२ ते १४ या वयात, ‘ट्विन ब्लॉक’सारख्या साधनाने चांगला फायदा होतो. वरचा जबडा मागे असेल तर त्याहून लवकर, सात ते नऊ वर्षांच्या सुमारास. ही वेळ गेली आणि जबड्यांतला फरक मोठा असेल तर वाढ थांबल्यावर शस्त्रक्रियाच उरते. म्हणूनच सातव्या वर्षी एकदा तज्ज्ञाला दाखवा असे सांगतात. दाखवले म्हणजे लगेच तार लागते असे नाही. बहुतेक मुलांना ‘दोन वर्षांनी या’ एवढेच सांगितले जाते.

मोठ्यांनाही तार लागते. चाळिशीतही दात सरकतात. अट एकच, हिरड्या आणि हाड निरोगी हवे. मिश्री, खर्रा, तंबाखू चालू ठेवून तार लावणे म्हणजे वाळूवर भिंत बांधणे. मधुमेह असेल तर आधी साखर आटोक्यात आणावी.

दात काढायला सांगितले तर?

दाटी फार असेल किंवा दात खूप पुढे असतील तर त्यांना मागे घ्यायला जागा लागते. त्यासाठी सुळ्यामागच्या उपदाढा, बहुधा चार, काढतात, आणि उपचार संपेपर्यंत ती जागा भरून येते. प्रत्येकाला दात काढावे लागत नाहीत. एक्स-रे आणि दातांचे साचे पाहून तज्ज्ञ ते ठरवतात, आणि तुम्हाला कारण विचारण्याचा हक्क आहे. वरचा दात काढल्याने नजर कमी होते हा निव्वळ गैरसमज आहे. डोळ्याची नस आणि दाताची नस वेगळी आहे.

कोणाकडे जायचे?

दंतवैद्य म्हणजे बीडीएस. दातांच्या ठेवणीचा तज्ज्ञ म्हणजे त्यानंतर तीन वर्षे शिकून ऑर्थोडॉन्टिक्समध्ये एमडीएस झालेला. पाटीवर ही पदवी आणि राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक पाहा, दिसला नाही तर विचारा. विचारण्यात कोणाचा अपमान नाही.

खासगीत न परवडणाऱ्या कुटुंबांनी दंत महाविद्यालयाची वाट धरावी. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत, मुंबई सेंट्रलला महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आहे, गोव्यात बांबोळीला गोवा दंत महाविद्यालय आहे. तिथे एमडीएसचे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात आणि खर्च खासगीपेक्षा बराच कमी येतो. थांबावे मात्र लागते, फेऱ्याही जास्त होतात. केस पेपर काढताना रेशनकार्ड, आधारकार्ड सोबत ठेवा आणि सवलतीची चौकशी करा. दुभंगलेले ओठ-टाळू घेऊन जन्मलेल्या बाळांची नोंद राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे अंगणवाडीतूनच करता येते. अशा मुलांना ओठ-टाळूच्या शस्त्रक्रियेनंतरही वाढत्या वयात दातांच्या उपचाराची गरज असते, तो टप्पा चुकवू नका.

बचत गटातून कर्ज काढून क्लिपा लावल्या, मग हप्ते थकले, दवाखान्यात जायला संकोच वाटला आणि मूल वर्षभर तीच तार घेऊन फिरत राहिले, हे आम्ही एकापेक्षा जास्त घरांत पाहिले आहे. बघणारे कोणी नसलेली तार दात नको तिकडे नेऊ शकते, तिच्याभोवती कीड लागते. म्हणून सुरू करण्यापूर्वीच हे लिहून घ्या : एकूण खर्च किती, त्यात एक्स-रे, दात काढणे आणि शेवटचा रिटेनर धरला आहे का, चौकट तुटली तर पैसे लागतील का, हप्ते किती. पैसे अडलेच तर दवाखाना टाळू नका. जाऊन सांगा, तार निदान सैल तरी करून घ्या किंवा काढून घ्या.

घरची काळजी

तार ताणल्यावर दोन-चार दिवस दुखते. मऊ भात, खिचडी, वरणात कुस्करलेली भाकरी द्या. गाल सोलला तर मिठाच्या कोमट पाण्याने चूळ भरावी, टोचणाऱ्या जागी दवाखान्यात मिळणारे मेण लावावे. दाताने ऊस सोलणे, चिक्की, फुटाणे, कणीस तोडणे, मटणाचे हाड फोडणे उपचार संपेपर्यंत बंद. पेरू, सफरचंद कापून खावे. प्रत्येक जेवणानंतर फ्लोराइडच्या पेस्टने ब्रश, आणि तारेखालून जाणारा बारीक ब्रश वेगळा. हे झाले नाही तर क्लिपा निघाल्यावर दात सरळ पण पांढऱ्या खडबडीत डागांचे दिसतात, आणि ते डाग कायम राहू शकतात.

क्लिपा निघाल्या म्हणजे उपचार संपला, असे समजू नका. दात आपल्या जुन्या जागी परत जायला बघतात. त्यांना धरून ठेवणारा रिटेनर सुरुवातीचे काही महिने जवळजवळ दिवसभर आणि पुढे कित्येक वर्षे रात्री घालावा लागतो. दोन वर्षांची मेहनत आणि कर्ज याच छोट्या साधनावर टिकते. तो रुमालात गुंडाळून उशीखाली ठेवू नये, हरवतो. डब्यातच ठेवावा.

उन्हाळ्याच्या सुट्टीत, शाळा उघडण्यापूर्वी, घरातल्या सात वर्षांवरच्या प्रत्येक मुला-मुलीला उजेडात बसवा, तोंड उघडायला सांगा आणि नीट बघा. शंका वाटली तर जवळच्या दंतवैद्याकडे एकदा न्या. मुलाला आणि मुलीला सारखेच. मुलाचे दात ‘चालतील’ आणि मुलीचे ‘लग्नासाठी’, हा हिशेब आपण सोडून देऊ. दात घास चावण्यासाठी आहेत, स्पष्ट बोलण्यासाठी आहेत आणि तोंडावर हात न ठेवता हसण्यासाठी आहेत.