वेबसाइटवर गिऱ्हाईक किती, बघे किती?

दुकानाच्या पायरीवर उभा राहणारा प्रत्येक माणूस गिऱ्हाईक नसतो, हे कापडबाजारात बसणाऱ्याला शिकवावे लागत नाही. कोणी उन्हातून सावलीला येतो, कोणी पत्ता विचारतो, कोणी भाव काढून शेजारच्या दुकानात जातो. रात्री आपण पावत्या मोजतो, पायरीवरची गर्दी मोजत नाही. परंतु तोच व्यापारी वेबसाइट काढतो तेव्हा गर्दीचा आकडा पाहून हुरळून जातो. आमचेही तसेच झाले.

मालेगावच्या आमच्या पेढीने साड्या व लुंग्यांचे नमुने दाखवण्यासाठी वेबसाइट करून घेतली. ती करून देणारे गृहस्थ दरमहा एक कागद पाठवत. एका महिन्याच्या कागदावर ४०,००० 'हिट्स' होत्या. त्या भरवशावर आम्ही जाहिरातीचा खर्च वाढवला व उधारीवर जादा माल भरला. ठोक चौकशीचे फोन आले नऊ! हंगाम सरला, गाठी गोदामात राहिल्या आणि देणे वेळेवर चुकते करण्यासाठी माल तोट्यात काढावा लागला.

हिट म्हणजे माणूस नव्हे

मग जाणकाराला बसवून हिशेब समजून घेतला. वेबसाइटचे एक पान उघडले की त्यातील प्रत्येक फोटोची सर्व्हरवर वेगळी नोंद होते. पानावर २४ फोटो असतील तर एका वेळी २५ हिट्स. म्हणजे ४०,००० हिट्सची झाली अवघी १,६०० पाने. त्यातही सर्च इंजिनची आपोआप फिरणारी यंत्रे आली आणि रोज दहा वेळा वेबसाइट उघडून पाहणारी आमचीच दुकानातील मुले आली. उरलेले खरे पाहुणे.

मोजण्याचे दोन मार्ग

पहिला मार्ग सर्व्हरची नोंदवही वाचण्याचा. १९९५ चे एनालॉग, १९९७ चे वेबलायझर व त्यानंतरचे एडब्ल्यूस्टॅट्स ही सॉफ्टवेअर याच पद्धतीची. ती फुकट असतात. परंतु यंत्र कोण व माणूस कोण, हे त्यांना पूर्णपणे निवडता येत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे प्रत्येक पानावर छोटा कोड बसवणे. पान उघडताच तो नोंद पाठवतो. गुगलने २००५ साली अर्चिन ही कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गुगल अ‍ॅनालिटिक्स सुरू केले. त्याची साधी आवृत्ती फुकट आहे. पाहुणा कोणत्या वाटेने आला, काय पाहिले, हे त्यात दिसते. मॅटोमो हे सॉफ्टवेअर २००७ मध्ये पिविक नावाने निघाले. ते स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येते, म्हणजे वही आपल्याच घरात राहते. मात्र देखभालीला जाणता माणूस लागतो. मायक्रोसॉफ्टचे क्लॅरिटी हेही फुकट असून पाहुण्याने पानावर कुठे बोट लावले, कुठून तो परत फिरला, हे दाखवते.

आधी प्रश्न, मग सॉफ्टवेअर

व्यापारी बंधूंनी सॉफ्टवेअर निवडण्याआधी कागदावर चार प्रश्न लिहावेत. कोणता माल पाहिला गेला? पाहुणा जाहिरातीतून आला की शोध घेऊन? व्हॉट्सअ‍ॅप किंवा फोनचे बटण किती जणांनी दाबले? त्यातून ऑर्डरी किती झाल्या? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे जे सोप्या रीतीने देईल ते सॉफ्टवेअर आपले. चौथ्याचे उत्तर आपल्या खातेवहीत असते. दोन्ही वह्या महिन्याला ताडून पाहाव्यात. बटण दाबल्याची नोंद गुगलमध्ये आपसूक होईल असे धरून चालू नये. ती मुद्दाम लावून घ्यावी. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला व इन्स्टाग्रामला वेगवेगळ्या खुणेची लिंक द्यावी, नाहीतर दोन्हीकडची गर्दी एकात मिसळते.

आकडा तंतोतंत मात्र समजू नये. एकच माणूस मोबाइलवरून व दुकानातील कॉम्प्युटरवरून आला तर बहुधा दोन मोजला जातो. गावाचे नावही अंदाजाने येते. धुळ्याचा गिऱ्हाईक मुंबईचा दिसू शकतो.

वही आपल्या नावावर हवी

सर्वांत मोठा धडा आम्हाला नंतर मिळाला. वेबसाइट सांभाळणारा बदलला तेव्हा कळले, की अ‍ॅनालिटिक्सचे खाते त्याच्याच ईमेलवर होते. दोन वर्षांची नोंद हातची गेली. दुकानाची चोपडी कोणी परक्याच्या नावावर ठेवील काय? खाते पहिल्या दिवसापासून पेढीच्या ईमेलवर काढावे, इतरांना फक्त पाहण्याचा अधिकार द्यावा. महत्त्वाचे आकडे दरमहा उतरवूनही ठेवावेत. कारण गुगलने आपल्या जुन्या आवृत्तीत नवी नोंद घेणे १ जुलै २०२३ पासून थांबवले आणि पुढे जुनी माहितीही काढून टाकली.

पाहुण्याची माहिती ही अमानत आहे, हेही विसरू नये. डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्या देशात २०२३ मध्ये संमत झाला आहे. गरजेपुरतेच मोजावे आणि काय मोजतो ते वेबसाइटवर स्पष्ट लिहावे.

आज आमच्या कागदावर हिट्सचा रकाना नाही. पाहुणे, चौकशा आणि ऑर्डरी असे तीनच रकाने आहेत. आकडे पूर्वीपेक्षा पुष्कळ लहान दिसतात; पण माल भरताना आता आम्ही त्यांच्यावर विसंबतो.