काडी लावू नका

कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी कापली की टोक उसवू नये म्हणून वडील त्याला पेटती काडी लावत. तो उग्र वास अजून नाकात आहे. तसल्याच वितळण्यावरून गुन्ह्यातल्या दोराची जात ओळखतात असं कळलं, म्हणून मी फॉरेन्सिक लॅबमध्ये गेले.

तिथे वास अजिबात नव्हता. नमुने तपासणाऱ्या मॅडमनी शिकाऊंसाठी ठेवलेले दोन पांढरे तुकडे माझ्या तळहातावर ठेवले. डोळ्यांना सारखे, बोटांना सारखे. इन्फ्रारेडमधले त्यांचे आलेखही जवळपास सारखे. मग एकाचा तीन मिलिग्रॅमचा कण, म्हणजे मोहरीच्या दाण्याच्या वजनाचा, त्यांनी चिमट्याने अ‍ॅल्युमिनियमच्या चिमुकल्या वाटीत सोडला. सोडताना त्यांनी श्वास रोखून धरला होता. तो रोखलेला श्वास मला घरी आल्यावरही आठवत राहिला.

वाटीला झाकण, शेजारी दुसरी रिकामी वाटी, भोवती नायट्रोजन, आणि मिनिटाला 10 अंशांनी वाढत जाणारं तापमान. या यंत्राला लॅबमध्ये नुसतं डीएससी म्हणतात. बर्फासारखंच प्लास्टिकही वितळताना जादा उष्णता पितं, रिकामी वाटी पीत नाही. हा फरक पडद्यावरच्या रेघेत खड्डा होऊन उमटतो.

“दोनशे वीस,” मॅडम हळूच म्हणाल्या. नायलॉन 6. दुसऱ्या तुकड्याची रेघ 220 ओलांडून तशीच पुढे गेली आणि 260च्या आसपास खाली वाकली. तो नायलॉन 6,6. पॉलिप्रॉपिलिनचा दोर 165च्या आसपासच वितळला असता.

दोरांची जात वेगळी असेल तर यंत्र ते ठामपणे सांगतं. पण दोन्ही 220लाच वितळले तर?

“तर जात एक. तोच दोर, असं मी लिहीत नाही.”

आपल्याकडची मासेमारीची कितीतरी जाळी नायलॉन 6चीच असतात. त्या न लिहिलेल्या वाक्यावर एखाद्याचं आयुष्य तोललेलं असतं. मला या कामात सर्वांत मोलाचा वाटला तो हा संयम.

धागा कारखान्यात कसा ताणला, किती तापवला, याच्या खुणा फक्त पहिल्या तापवण्यात दिसतात. एकदा वितळला की त्या पुसल्या जातात. म्हणून सूक्ष्मदर्शक आणि इन्फ्रारेड आधी, डीएससी शेवटी, आणि थोडा नमुना फेरतपासणीसाठी राखून.

म्हणूनच मुद्देमाल जप्त करणाऱ्यांना हात जोडून विनंती: दोराचं टोक उसवतंय म्हणून त्याला काडी लावू नका. सुताने बांधा.